रोइंग मशीनची ग्रुप बॅच: ठोका सगळ्यांचा एक, जोर ज्याचा त्याचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका जिममध्ये १० नव्या रोइंग मशीन, म्हणजे बसून वल्हं मारल्यासारखा व्यायाम करायच्या मशीन, आल्या. तिथल्या ट्रेनरनी आठ वर्षं सायकलचे आणि झुंबाचे ग्रुप क्लास घेतले आहेत, म्हणून रोइंगची बॅचही त्यांच्याकडेच आली. पहिल्या आठवड्यात १० जण होते, तिसऱ्या आठवड्यात ४ उरले. दोघांची कंबर धरली. बॅचमध्ये २२ वर्षांचा मुलगा आहे तशा ६१ वर्षांच्या काकूही आहेत. या सगळ्यांना एकत्र कसं चालवायचं, मशीनच्या पंख्यात किती हवा जाईल ते ठरवणारा डँपर कितीवर ठेवायचा, गाणी कुठली लावायची आणि वर्कआउट कसे आखायचे, असं त्यांनी विचारलं आहे.

मी पुण्यात मुळेच्या पाण्यात वल्हं मारायला शिकले आणि गेली १३ वर्षं ८ मशीनवर सकाळी सहाची बॅच घेते आहे. तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य मला आधी दिसलं: दोघांची कंबर धरली. बॅच रोडावली ती त्यामुळेच, असं मी धरून चालते. सोडून गेलेल्या बाकीच्या चौघांनाही पाठीत काहीतरी जाणवलं असणार. त्यांनी ते तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच. म्हणून डँपर आणि गाण्यांकडे मी नंतर येते.

सायकलच्या क्लासमध्ये पायाचा रस्ता ठरलेला असतो. पेडल गोल फिरतं, त्याच्याबरोबर पाय फिरतो, फार चुकायला जागाच नसते. म्हणून तिथे ट्रेनरचं मुख्य काम हुरूप वाढवणं हे असतं आणि ते तुम्हाला नक्कीच छान जमत असणार. रोइंग मशीनवर सीट मोकळी, हँडल मोकळं, पाठ मोकळी. रस्ता शरीराने स्वतः आखायचा. मिनिटाला २० स्ट्रोक, म्हणजे २० वेळा हँडल ओढून परत येणं, धरलं तर अर्ध्या तासात माणूस ६०० वेळा पुढे वाकतो आणि ६०० वेळा जोर लावून मागे जातो. त्या वाकण्यात थोडीशी चूक असली तर तीही ६०० वेळा होते. अशा माणसाला शिकवायच्या आधीच 'चला, अजून जोर, अजून जोर' म्हणून हुरूप दिला, तर त्या चुकीलाच जोर मिळतो.

म्हणून पहिली गोष्ट: तुम्ही मशीनवर बसू नका. तुम्ही कोल्हापूरचे, तालीम मी तुम्हाला समजावून सांगायला नको. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. पोराचा पाय कुठे पडतोय, मान कुठे वळतेय, हे त्याला तिथूनच दिसतं. मी पहिल्या वर्षी सायकलच्या क्लाससारखी सगळ्यांसमोर मशीन मांडून, स्वतः स्ट्रोक मारत बॅच घेतली. माझ्याकडे बघून लोक शिकतील असं मला वाटलं होतं. पण रोइंगची चूक समोरून दिसत नाही, ती बाजूने दिसते. बँकेत काम करणाऱ्या एक ताई रोज पाठीची कमान करून हँडल उचलत होत्या आणि मला समोरून फक्त त्यांचा हसरा चेहरा दिसत होता. चौथ्या दिवशी त्यांना सकाळी पलंगावरून उठता येईना. त्या दिवसापासून मी बॅचमध्ये मशीनवर बसलेले नाही. मी चालत असते, दोन मशीनच्या मधल्या जागेतून, आणि प्रत्येकाला बाजूने बघते.

त्यासाठी मांडणी तशी हवी. साधारण मशीन ८ फूट लांब आणि २ फूट रुंद असते, पण वापरायला ९ बाय ४ फुटांची जागा धरावी. पाच-पाचच्या दोन रांगा, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि मधून तुम्हाला आडवं न होता चालता येईल एवढी वाट. भिंतीवर आरसा असेल तर मशीन आरशाला बाजू देऊन लावा, म्हणजे मान थोडी वळवली की माणसाला स्वतःची पाठ दिसते.

आता शिकवणं. स्ट्रोकचे चार टप्पे सगळीकडे कॅच, ड्राइव्ह, फिनिश, रिकव्हरी या नावांनीच चालतात. तीच नावं ठेवा. पण बॅचला पहिल्या दिवशी चार इंग्रजी शब्द नको असतात, क्रम हवा असतो. मी एवढंच म्हणायला लावते: मागे जाताना 'पाय, पाठ, हात', पुढे येताना 'हात, पाठ, पाय'. मोठ्याने, सगळ्यांनी मिळून. पायांनी फूटप्लेट ढकलायची, पाय जवळजवळ सरळ झाले की पाठ कंबरेतून मागे झुलवायची, शेवटी हात छातीच्या खाली आणायचे. परत येताना हात आधी पूर्ण सरळ, मग पाठ पुढे, आणि हँडल गुडघ्यांच्या पलीकडे गेल्यावरच गुडघे वर. बहुतेकांना जाताना जमतं, येताना जमत नाही. गुडघे घाईने वर येतात आणि मग हँडल गुडघ्यांवरून उडी मारून न्यावं लागतं. बाजूने बघितलंत तर चेन सरळ न राहता मध्येच वर उचललेली दिसेल. ही चूक ओळखायला इतकी सोपी आहे की दुसऱ्या दिवशी बॅचमधले लोकच एकमेकांची पकडायला लागतात.

कंबर धरणारी चूक मात्र वेगळी. माणूस पाय जोरात ढकलतो, सीट झपकन मागे जाते, आणि हँडल जागच्या जागीच राहतं. म्हणजे पायांचा सगळा जोर सीट सरकवण्यात वाया गेला आणि आता पुढे वाकलेली पाठ एकटीच ते ओझं उचलणार. दमलेला माणूस हे जास्त करतो, आणि अंगात ताकद असलेला तरुण तर हमखास करतो, कारण त्याचे पाय दणकट असतात. बघायचं एवढंच: सीट आणि हँडल एकाच क्षणी निघतात का? निघत नसतील तर त्याला थांबवा. हात सरळ, पाठ पुढे झुकलेली तशीच धरून, फक्त पायांनी, सीट ज्यावर सरकते त्या रेलच्या अर्ध्यापर्यंत जायचं आणि परत. असे १० स्ट्रोक. मग पुन्हा १०. हात म्हणजे नुसते हूक, विहिरीवरून भरलेली बादली आणताना कडी जशी बोटांत अडकवतो तशी पकड, अंगठा सैल. हे सांगितलं की खांदेही खाली येतात.

कंबर धरण्याचं दुसरं कारण पुढे येण्यात आहे. 'अजून पुढे, अजून पुढे' म्हटलं की माणूस कंबर गोल करून पुढे पोचतो. नडग्या उभ्या झाल्या की थांबायचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात, त्यांच्या नडग्या उभ्या होण्याआधीच कंबर गोल होते. त्यांनी तिथेच थांबावं. अर्धवट स्ट्रोक दिसला तरी चालेल. पाय ठेवायची उंचीही बघा: स्ट्रॅप पायाच्या सगळ्यांत रुंद भागावर, बोटांच्या मुळाशी यायला हवा. खूप जणांचा तो घोट्याजवळ बांधलेला असतो. पाय एखादं भोक खाली घेतले की आखडलेल्या माणसाला पुढे यायला जागा मिळते.

पहिले दोन आठवडे मी यापलीकडे जात नाही. रोज ३५ मिनिटं, त्यात सलग स्ट्रोक कधीच ३ मिनिटांपेक्षा जास्त नाही. फक्त हातांचे १० स्ट्रोक, मग हात-पाठीचे १०, मग अर्ध्या रेलचे, मग पूर्ण. मग फिनिशला, म्हणजे हात छातीशी आल्यावर, थांबून, माझ्या टाळीवर सगळ्यांनी एकदम परत यायचं. मग स्ट्रॅप सोडून, अगदी हळू. स्ट्रॅप नसताना माणूस मागे जास्त झुकला तर पाय सुटतात आणि तोल जातो, त्यामुळे किती झुकायचं ते सांगावं लागत नाही. लोकांना हे कंटाळवाणं वाटेल अशी भीती तुम्हाला वाटेल. मलाही वाटायची. पण आपण काहीतरी नीट शिकतोय हे कळलं की माणूस टिकतो. जिमला आलेल्या लोकांना शिकवणारं माणूस फारसं मिळत नाही.

आणि या दोन आठवड्यांत स्प्लिटचा, म्हणजे ५०० मीटर जायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा कोणालाही दिसू देऊ नका. मी मॉनिटरच्या त्या भागावर कागदाची पट्टी चिकटवते, फक्त वरचा स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, तेवढा उघडा ठेवते.

बॅच एकत्र चालवण्याचं उत्तर इथेच आहे. ६१ वर्षांच्या काकू आणि २२ वर्षांचा मुलगा यांचा स्प्लिट कधीच एक होणार नाही. मुलाचा तो दोन मिनिटांच्या आत जाईल, काकूंचा तीन मिनिटांच्या आसपास राहील. पण दोघांचा रेट २० असू शकतो. मिनिटाला २० स्ट्रोक म्हणजे ३ सेकंदांना एक. साधारण १ सेकंद जाण्याला, २ सेकंद येण्याला. शाळेत लेझीम किंवा कवायत केलेल्या कुणालाही हा ठेका जमतो: 'एक' म्हणताना जायचं, 'दोन-तीन' म्हणताना यायचं. त्या 'एक'मध्ये कोणी किती जोर लावायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. होडीतही असंच असतं. आठ जणांच्या होडीत आठही जण सारखे ताकदवान नसतात, पण वल्ही एकदम पाण्यात पडली नाहीत तर होडी डगमगते. सगळ्यांना ठोका देणाऱ्याला स्ट्रोक म्हणतात आणि बाकीचे त्याच्या मागे जातात.

म्हणून बॅचमध्ये सगळ्यांत वेगवान माणसाला पुढे बसवू नका. ज्याचा रेट हलत नाही त्याला पुढच्या रांगेत मधोमध बसवा. माझ्या सध्याच्या बॅचमध्ये तो मान निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंचा आहे. त्यांचा स्प्लिट २:५० च्या पुढे असतो. पण २० म्हटलं की २०, आणि १५ मिनिटांनंतरही २०. त्यांच्या मागे बसलेली आयटीतली मुलं त्यांच्या पाठीकडे बघून स्वतःला आवरतात.

हे किती खरं आहे ते मला एकदा जूनमध्ये कळलं. बाहेर पाऊस कोसळत होता, १५ मिनिटांचा तुकडा चालू होता आणि आठव्या मिनिटाला वीज गेली. गाणी बंद, दिवे बंद. रोइंग मशीनला वीज लागत नाही, मॉनिटर बॅटरीवर चालतो. पण आमच्या मशीन जुन्या आहेत, त्यांच्या मॉनिटरला मागून उजेड नाही. आकडे दिसेनात. मी थांबा म्हणणार होते, तेवढ्यात ऐकू आलं. आठही मशीनचे पंखे एकदम 'हूऽऽश' करत होते, मग चेन आत जाण्याची बारीक खरखर, सीटची चाकं, आणि पुन्हा 'हूऽऽश'. एखादाच पंखा किंचित मागे पडायचा आणि दोन स्ट्रोकमध्ये पुन्हा मिसळायचा. मी काहीच बोलले नाही. सात मिनिटं ती खोली तशीच चालली. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडला तेव्हा सगळ्यांचे रेट १९ ते २१ च्या मध्ये होते. आदल्या महिन्यात तीच माणसं गाण्याबरोबर २८ पर्यंत पळायची.

तुमच्या गाण्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. वॉर्म-अपला आणि शेवटी गाणी लावा, खुशाल लावा. रेट ठरवून करायच्या तुकड्यात बंद करा. वेगवान गाणं लागलं की माणूस नकळत येण्याची घाई करतो, आणि रोइंगमध्ये दम आणि पाठ सांभाळायची सगळी जागा त्या येण्यातच आहे. रेट ३० झाला की स्ट्रोकला २ सेकंदच उरतात. जाण्याचा वेळ फारसा कमी होत नाही. कापली जाते ती विश्रांती. शिवाय पंख्यांच्या आवाजात गाणं आणि तुमचा आवाज दोन्ही ऐकू येत नाहीत, मग ट्रेनर ओरडायला लागतो. फळ्यावर मोठ्या अक्षरात वर्कआउट लिहून ठेवा, हाताच्या खुणा ठरवा. माझी मूठ वर म्हणजे शेवटची १० सेकंदं, उघडा पंजा म्हणजे हलके स्ट्रोक.

डँपर. लोक बसल्या बसल्या तो १० वर नेतात, कारण १० म्हणजे जास्त व्यायाम असं वाटतं. डँपर म्हणजे पंख्यात हवा किती शिरू द्यायची त्याची झडप. तो सायकलच्या गिअरसारखा आहे. १० वर ठेवला की जड गिअरमध्ये चढ चढल्यासारखं होतं. प्रत्येक स्ट्रोक संथ आणि ओझ्याचा, आणि ते ओझं पुन्हा पाठीवर. जोर किती निघाला हे मॉनिटर पंख्याच्या वेगावरून मोजतो, त्यामुळे ३ वर ठेवूनही कितीही मोठा व्यायाम करता येतो. नव्या लोकांसाठी ३ ते ५ पुरे. पण दोन मशीनवरचे ४ सारखे नसतात. एकाच्या जाळीत धूळ भरली असेल तर तिथे हवा कमी शिरते. म्हणून आकडा बघायचा तो ड्रॅग फॅक्टरचा, म्हणजे पंख्याला हवेचा प्रत्यक्षात किती अडथळा होतो त्याचा. कॉन्सेप्ट२ कंपनीच्या मशीनच्या मॉनिटरवर मोअर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर असतं. ते उघडून पाच-सहा स्ट्रोक मारले की आकडा स्थिर होतो. मी सगळ्या मशीन ११० च्या आसपास लावते, दणकट मंडळींना १२५ पर्यंत. काकूंसाठी १०० सुद्धा चालेल. तुमच्या मशीन पाण्याच्या टाकीच्या किंवा चुंबकाच्या असतील तर हा आकडा मिळणार नाही, आणि त्यांचे स्प्लिट दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी ताडून बघू नका.

तिसऱ्या आठवड्यात कागदाच्या पट्ट्या काढते आणि त्या दिवशी स्प्लिटचं गणित सगळ्यांना एकदा समजावून सांगते, कारण तिथे माणसं विनाकारण खचतात. जोर आणि वेग सरळ प्रमाणात वाढत नाहीत. वेग थोडा वाढवायला जोर वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागतो. २:३० च्या स्प्लिटला साधारण १०४ वॅट लागतात. २:२० ला १२८. म्हणजे घड्याळातले १० सेकंद कमी करायला २३ टक्के जास्त जोर. २:०० वरून १:५० वर यायला तर २०३ चे २६३, म्हणजे ३० टक्के. 'ताई, महिना झाला, माझा आकडा तीनच सेकंदांनी हलला,' असं कुणी म्हटलं की मी त्याला वॅट दाखवते. शिवाय उंच आणि वजनदार माणसाला या मशीनवर आपोआप फायदा मिळतो. होडीत त्याला स्वतःचं वजन पाण्यातून ओढावं लागतं, इथे नाही. त्यामुळे दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून वाचूच नयेत. फळ्यावर नावांपुढे स्प्लिट लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मला ती अजिबात मान्य नाही. सगळ्यांत खाली ज्याचं नाव येतं तो दुसऱ्या आठवड्यात येत नाही, आणि त्यालाच या व्यायामाची सगळ्यांत जास्त गरज असते.

वर्कआउट वेळेवर आखा, अंतरावर नाही. १००० मीटर दिलेत तर मुलगा चार मिनिटांत संपवून मोबाइल बघत बसेल आणि काकू पुढची दोन मिनिटं सगळ्यांच्या नजरा झेलत स्ट्रोक मारतील. ५ मिनिटं दिलीत तर सगळे बरोबर सुरू करतात, बरोबर थांबतात.

माझे तीन-चार वर्कआउट वर्षभर फिरत असतात. एक शिडीचा: ४ मिनिटांचा तुकडा, दर मिनिटाला रेट १८, २०, २२, २४, मग २ मिनिटं विश्रांती, असे ३ तुकडे. अट एवढीच की रेट दोनने वाढला की स्प्लिट थोडा तरी सुधारला पाहिजे. रेट वाढला आणि स्प्लिट तिथेच राहिला, तर माणूस नुसती सीट मागे-पुढे करतोय. दुसरा स्थिर तुकड्यांचा: रेट २०, ८ मिनिटं, दोनदा, नंतर कधी तीनदा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर. आठवड्यातल्या तीन दिवसांपैकी दोन दिवस असेच हवेत. रोज धाप लागेपर्यंत दमवलं तर महिनाभराने दम वाढायचा थांबतो आणि दुखणी सुरू होतात.

बॅचला सगळ्यांत आवडणारा तिसरा. रेट २० वर ५ मिनिटं मारायची आणि आपापले मीटर लक्षात ठेवायचे. ३ मिनिटं विश्रांती. मग मॉनिटरवरचा मीटरचा आकडा झाकायचा आणि पुन्हा ५ मिनिटं. स्वतःच्या पहिल्या आकड्याच्या जो सगळ्यांत जवळ पोचेल तो जिंकला. यात काकू आणि मुलगा खरोखर बरोबरीचे असतात आणि बहुतेक वेळा काकूच जिंकतात. पहिल्या मिनिटात जोरात सुटून शेवटी गळून जाणाऱ्यांना याच्याइतका चांगला धडा मी दुसरा पाहिला नाही.

महिन्यातून एकदा सगळ्यांचे मीटर मिळवा. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण २० किलोमीटर आहे. १० माणसांनी सरासरी २:३० च्या स्प्लिटने १० मिनिटं मारली की बरोबर २०,००० मीटर होतात. फळ्यावर फक्त एकच आकडा लिहा, पन्हाळ्याला पोचलात की नाही. कुणी किती दिले हे विचारू नका.

२००० मीटरची चाचणी हे रोइंगचं खरं माप, ऑलिंपिकची शर्यतही सहसा तेवढीच असते. पण ती तीन महिने काढू नका, आणि काढलीत तरी ज्याला हवी त्यालाच द्या. पूर्ण जोराने मारलेले २००० मीटर हृदयावर फार मोठा ताण टाकतात. नाव नोंदवतानाच रक्तदाब, हृदय, स्लिप डिस्क, अलीकडचं ऑपरेशन, गरोदरपण हे सगळं विचारा आणि काहीही असलं तर डॉक्टरांचा होकार आणायला सांगा. छाती भरून आली, डोकं हलकं वाटलं, तर तिथेच थांबायचं, आकडा कितीही जवळ आलेला असो. एरवी मात्र जोराच्या तुकड्यानंतर एकदम उठू देऊ नका, ३ ते ५ मिनिटं हलके स्ट्रोक. जोर लावताना श्वास सोडायचा. खूप जण तो रोखून धरतात, तोंडाकडे बघितलं की कळतं.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. मागे लोंबणारा टी-शर्ट किंवा कुर्ता सीटच्या चाकात अडकतो आणि माणूस झटक्यात थांबतो; कपडा खोचायला सांगा, ओढणी काढून ठेवायला सांगा. अंगठ्या काढायच्या. जाड टाचेच्या बुटांपेक्षा पातळ तळाचे बूट बरे. सीट जमिनीपासून साधारण १४ इंचांवर असते, गुडघे दुखणाऱ्यांना तिथून उठणं अवघड जातं; तुमच्या काकूंच्या शेजारी आधाराला एक पक्की खुर्ची ठेवा आणि मशीनवर बसताना-उठताना पहिले काही दिवस हात द्या. रेल रोज बॅचनंतर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर घामाचा चिकट काळा थर बसतो आणि सीट अडखळते. चेनला दर ५० तासांनी कागदाच्या रुमालावर थोडं तेल घेऊन पुसून घ्या. पंख्याच्या जाळीतली धूळ काढायचं काम पावसाळा संपला की एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा.

बॅचमधल्या कुणीतरी तुम्हाला विचारेलच, होडी नाही, पाणी नाही, मग हे कसलं रोइंग? मला दर वर्षी विचारतात. इ. स. पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या खाब्रियास या सेनानीने नवख्या वल्हेकऱ्यांना शिकवायला किनाऱ्यावर लाकडी चौकटी बांधल्या होत्या. आपण आज वापरतो त्या घराण्यातली पहिली मशीन अमेरिकेत व्हरमाँटमध्ये ड्रायसिगॅकर बंधूंनी १९८१ साली सायकलचं चाक लावून बनवली, थंडीत नद्या गोठल्यावर रोअरना सराव करता यावा म्हणून. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, लष्करात गेल्यावर पुण्यात तो रोइंग शिकला, सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी मारायच्या होडीत, तो १३वा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्णपदक मिळवलं. हे सांगितलं की खोलीतली माणसं मशीनकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

आता तुमची ती दोन माणसं. त्यांना फोन करा. आजच करा, मेसेज नको. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा आठवड्याने कमी झालं नसेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. नुसतं आखडलं असेल आणि आता बरं असेल, तर बॅचच्या आधी अर्धा तास एकेकट्याला बोलवा. डँपर ३ वर. आधी खुर्चीत बसवून कंबरेतून पुढे झुकायला शिकवा: एक हात पोटावर, एक कंबरेवर, छाती पुढे येते आणि कंबर गोल होत नाही, हे त्यांना त्यांच्याच हाताला कळू द्या. मग मशीनवर, अर्ध्या रेलचे १० स्ट्रोक, तुम्ही बाजूला गुडघ्यांवर बसून सीट आणि हँडल बरोबर निघतात का बघा. थांबा. पुन्हा १०. एवढंच, १५ मिनिटांच्या वर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी आहे ते विचारा आणि त्यावरून पुढचं ठरवा. आणि त्या वेळी मॉनिटरवर एक नॅपकिन टाकून ठेवा.